आखातात गेलेली आपली मुलगी : देश मुस्लिम, तरी ती तिथे 'अजनबी'च

देवळा, सटाणा, कळवण, मालेगाव या पट्ट्यात आखातातला रिश्ता आला की घरात ठरावीक प्रश्न विचारले जातात. मुलगा काय करतो? पगार किती? घर कंपनीचं की भाड्याचं? मक्का तिथून किती लांब? आणि शेवटी अम्मी-खाला एकमेकींना समजावतात, 'मुस्लिम मुल्क आहे, पोरीला काय अडचण येणार?'

या शेवटच्या वाक्याबद्दल आम्हांला आज बोलायचं आहे. ते वाक्य खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. अजान तिथे पाच वेळा ऐकू येते, हलाल शोधावं लागत नाही, रमजानमध्ये अख्खं शहर रोज्याच्या वेळापत्रकावर चालतं. पण विमानतळावरच्या काउंटरवर, दवाखान्यात, शाळेत, बँकेत आपली मुलगी सगळ्यात आधी परदेशी नागरिक असते. तिचा तिथला मुक्काम एका व्हिसावर टिकलेला असतो आणि तो व्हिसा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावाला बांधलेला असतो. हे आधी समजलं तर तयारी करता येते. नाही समजलं, तर ते अडचणीच्या दिवशीच समजतं.

शब्द ओळखीचे, अर्थ वेगळे

आपल्या घरात 'अजनबी' म्हणजे अनोळखी माणूस. अरबीत हाच शब्द परदेशी माणसासाठी वापरतात. सौदी अरेबियाच्या २०२२ च्या जनगणनेत एकूण लोकसंख्या सुमारे ३ कोटी २२ लाख निघाली आणि त्यात दर दहा माणसांपैकी चार परदेशी होते. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई, अबुधाबी, शारजाह वगैरे भागांत, दहापैकी जवळपास नऊ लोक बाहेरून आलेले आहेत. तिथे ३५ लाखांहून जास्त भारतीय राहतात, सौदीत २५ लाखांच्या आसपास. म्हणजे परदेशी असणं तिथे अजिबात वेगळं नाही. शेजारीण केरळची असेल, खालच्या मजल्यावर पाकिस्तानी कुटुंब असेल, डॉक्टर इजिप्तची असेल.

दुसरा शब्द 'इकामा'. मशिदीत जमात उभी राहताना इकामत म्हणतात, ती आपल्याला माहीत आहे. सौदीत इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. त्याच्यावरच सिमकार्ड, दवाखाना, मुलांची शाळा, बँक असं सगळं चालतं. त्याची मुदत संपली तर दंड लागतो आणि रोजची कामं एकेक करून अडायला लागतात.

तिसरा शब्द 'कफील', म्हणजे जबाबदारी घेणारा, जामीन. नवरा कंपनीच्या कफालतीवर असतो आणि बायको-मुलं नवऱ्याच्या. ही साखळी नीट लक्षात घ्यावी. कंपनीने नवऱ्याला काढलं तर बायकोचा इकामाही धोक्यात येतो. तिचं काही चुकलेलं नसतं, तरी तिला सामान बांधावं लागतं.

आणि एक गैरसमज दूर करून टाकू. तिथे कितीही वर्षं राहिलं, तिथे मूल जन्मलं, तरी नागरिकत्व मिळत नाही. मूल भारतीयच असतं. जन्मानंतर एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात त्याची नोंद करावी आणि पासपोर्ट काढावा. भारतीय नागरिकत्व कायद्याची तशी अट आहे. उशीर झाला तर वेगळी परवानगी लागते आणि हेलपाटे वाढतात.

दिवस कसा जातो

कोकणातल्या रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम घरांना हे आयुष्य दोन-तीन पिढ्यांपासून ठाऊक आहे. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात कामं निघाली आणि तिथली माणसं कुवेत, बहारीन, सौदीला गेली. आपल्या नाशिक जिल्ह्यात हे प्रमाण तितकं नाही. म्हणून आपल्याकडे अनुभवाचे दोन शब्द सांगणारी खाला किंवा फुफी प्रत्येक मोहल्ल्यात सापडत नाही.

सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, दुबईचं दीड तास. म्हणजे मुलगी तिकडे मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवत असते तेव्हा इकडे आपली न्याहारी आटोपलेली असते. रियाध, जद्दा, दम्माम इथे भारतीय समाजासाठी चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय भारतीय शाळा आहेत आणि अभ्यासक्रम सीबीएसईचा आहे. मुलं हिंदी, उर्दू, इंग्रजी शिकतात. मराठी टिकवायची जबाबदारी मात्र घरावरच येते. दादी-नानीशी फोनवर मराठीत बोलणारी मुलं सुट्टीत गावी आली की चटकन मिसळतात. ज्यांच्याशी कुणी मराठी बोललेलंच नसतं, ती कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसतात.

आठवड्याची सुट्टी देशागणिक बदलते. सौदीत २०१३ पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी आहे, त्याआधी गुरुवार-शुक्रवार असायची. अमिरातीत जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं. जुमा मिळतो, पण पूर्ण सुट्टी नाही. मुस्लिम देश म्हणजे शुक्रवार बंदच, असं गृहीत धरू नये.

ऊन ही तिथली सगळ्यात मोठी गोष्ट. आपल्या मालेगावचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना वाटतं, आम्हांला काय सांगता! पण रियाधचा जुलै पंचेचाळीस अंशांच्या वर जातो आणि तो मे संपला म्हणून संपत नाही. उघड्यावर काम करणाऱ्यांना उन्हाळ्यात भर दुपारी काम करायला लावण्यावर तिथे सरकारी बंदी असते. घरात राहणाऱ्या बाईसाठी याचा अर्थ असा, की चार महिने दिवसा बाहेर पडणं नाही. एसी चालू, खिडक्या बंद. बाजार, बाग, भेटीगाठी सगळं ईशानंतर. रात्री अकरा वाजता लहान मुलं बागेत झोके घेताना दिसतात, त्याचं आपल्याला नवल वाटतं. तिथे ते रोजचंच आहे.

खाण्यापिण्याचे हाल होत नाहीत. भारतीय दुकानांत बाजरीचं पीठ, तूरडाळ, कढीपत्ता मिळतो. आपल्या उमराण्याच्या मार्केटमधून निघालेला कांदा आखातात जातो, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. निर्यातबंदी झाली की तिथल्या बाईलाही दुकानात भाव वाढलेला दिसतो. भाकरी करायचा कंटाळा आला तर बेकरीतला गरम खबूस स्वस्तात मिळतो.

नमाज, अबाया आणि गाडी

आपल्या बहिणींना तिथे एक गोष्ट मनापासून आवडते. मशिदीत, मॉलमध्ये, दवाखान्यात, हायवेवरच्या पेट्रोल पंपावरसुद्धा बायकांसाठी नमाजची वेगळी जागा असते. रमजानमध्ये तरावीहला बायका मुलांना घेऊन जातात. आपल्याकडे गावोगावच्या अनेक मशिदींत अशी सोय अजून नाही, हे आपल्याला माहीत आहे. स्त्रियांना मशिदीत नमाजला येण्याची मुभा आहे, असं ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. पण मुभा असणं आणि वजूखाना, दरवाजा, जागा असणं यात फरक आहे. तिथून परतलेल्या मुली हा प्रश्न आपल्या जमातीपुढे मांडतात, तेव्हा त्यांचं ऐकून घ्यायला हवं.

जद्दात राहणाऱ्या कुटुंबासाठी मक्का साधारण ८० किलोमीटर. इथल्या माणसाने आयुष्यभर पैसे साठवून पाहिलेलं स्वप्न तिथे एका संध्याकाळच्या प्रवासावर असतं. २०१८ पासून मक्का-मदिना जोडणारी हरमैन रेल्वेही सुरू झाली आहे. उमराहची आणि मदिन्यात रियाजुल जन्नाची वेळ आता नुसुक ॲपवर घ्यावी लागते. हजसाठी मात्र तिथे राहणाऱ्यांनाही परवाना लागतो. विनापरवाना गेलं तर दंड आणि देशाबाहेर काढण्यापर्यंत वेळ येऊ शकते. 'आपण इथलेच' असं समजून कुणी धाडस करू नये.

कपड्यांबद्दल विचारणा फार होते. सौदीत पूर्वी परदेशी बाईलाही काळा अबाया घालावाच लागायचा. २०१८ मध्ये युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी जाहीर मुलाखतीत सांगितलं, की पोशाख शालीन हवा, पण तो अबायाच असावा अशी सक्ती नाही. २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा सुरू झाला तेव्हा परदेशी स्त्रियांसाठी अबाया बंधनकारक ठेवला नाही. तरीही आपल्या बऱ्याच बहिणी तो घालतात, कुणी दीन म्हणून, कुणी सवय म्हणून, कुणी आजूबाजूला सगळ्या घालतात म्हणून. दुबईत तर मशिदीबाहेर कुणी विचारतही नाही. इथून जाताना दहा बुरखे शिवून नेण्यात अर्थ नाही, तिकडे ते हवे तसे मिळतात.

गाडीचं महत्त्व जास्त आहे. २४ जून २०१८ पासून सौदीत स्त्रियांना गाडी चालवता येते. परदेशी स्त्रियाही रीतसर लायसन्स काढू शकतात. त्याआधी मुलाला ताप आला तरी नवरा ड्युटीवरून येईपर्यंत थांबायचं किंवा टॅक्सी शोधायची. शहरं पसरलेली, पायी चालायला फुटपाथ नाही, वर ऊन. अशा ठिकाणी ज्या बाईला गाडी येते तिचा दिवस वेगळा असतो. देवळ्यात स्कूटी चालवणारी मुलगी तिकडे जाऊन घरात बसून राहते, कारण चारचाकी शिकायचं कुणाला सुचलेलंच नसतं. लग्न ठरल्यापासून व्हिसा येईपर्यंत दोन-चार महिने हातात असतात. तेवढ्यात ड्रायव्हिंग स्कूल होऊन जातं.

भाषा : कुरआन वाचता येतं, बोलता येत नाही

बाजारात उर्दू-हिंदीवर काम भागतं, कारण दुकानदार, टॅक्सीवाले, नर्सा बऱ्याचदा आपल्याच उपखंडातल्या असतात. अडतं ते सरकारी कार्यालयात, पोलीस ठाण्यात आणि बाळंतपणाच्या वेळी. आपल्या मुली लहानपणी मकतबमध्ये नाजरा शिकलेल्या असतात. त्यामुळे अरबी अक्षरं ओळखता येतात, पाट्या थोड्याफार लावता येतात. पण पाट्यांवर जेर-जबर नसतात आणि रस्त्यावरची अरबी किताबी अरबीपेक्षा वेगळी असते. अक्षरओळख हा पाया आहे, घर बांधायचं बाकीच असतं. दुखतंय कुठे, रक्तगट कोणता, मला माझ्या दूतावासाशी बोलायचंय, एवढी वाक्यं तरी अरबी किंवा इंग्रजीत यायला हवीत.

एकटेपणाबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं. इथे सासू-नणंद, शेजारपाजार, लग्नं-मय्यती, आठवडे बाजार यांत दिवस निघून जातो, कधी त्याचा जाचही होतो. तिथे नवरा बारा तास बाहेर आणि चार भिंती. पहिल्या बाळंतपणात अम्मी जवळ नसते. फोन हाच आधार. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून मेसेज जातात, पण कॉल लागत नाहीत. तिथे परवानगी असलेली बोटिमसारखी ॲप वापरावी लागतात. इकडे लोक म्हणतात, 'पोरगी तिकडे जाऊन बदलली, फोनच करत नाही.' आधी दोन्हीकडच्या मोबाईलवर तेच ॲप आहे का, ते बघा.

पगार ऐकला, खर्च ऐकला का?

पाच हजार रियाल पगार म्हटलं की इथे लगेच गुणाकार होतो आणि लाखाचा आकडा डोळ्यांपुढे येतो. भागाकार कुणी करत नाही. सौदी सरकारने जुलै २०१७ पासून परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर माणशी शुल्क लावलं. सुरुवातीला महिन्याला १०० रियाल होतं, दरवर्षी शंभराने वाढत जुलै २०२० मध्ये ते ४०० रियाल झालं. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रियाल. एका रियालला बावीस-तेवीस रुपये धरले तर वर्षाचे तीन लाखांच्या वर गेले, तेही फक्त कुटुंब जवळ ठेवण्याचे. घरभाडं, शाळेची फी, विमा वेगळा. जुलै २०२० मध्येच मूल्यवर्धित कर ५ वरून १५ टक्के झाला. त्या वर्षांत कितीतरी माणसांनी बायका-मुलांना गावी पाठवलं आणि स्वतः खोली वाटून घेऊन राहायला लागले.

अमिरातीत कुटुंबाला बोलवायचं तर नवऱ्याचा पगार किमान ४,००० दिरहम हवा, किंवा ३,००० दिरहम आणि राहायची जागा. सौदीत पगाराबरोबर इकाम्यावर लिहिलेला पेशाही बघतात. म्हणून 'मुलगा सौदीत आहे' एवढ्यावर खूश होऊ नये. त्याच्या इकाम्यावर पेशा काय आहे, त्यावर फॅमिली व्हिसा निघतो का, माणशी शुल्क कोण भरणार, हे तीन प्रश्न अब्बांनी विचारायलाच हवेत. विचारण्यात कसला संकोच? निकाहनंतर मुलगी तीन वर्षं सासरी एकटी राहते आणि नवरा दीड वर्षाने महिनाभर येतो, हे आधी माहीत असेल तर 'हो' किंवा 'नाही' डोळे उघडे ठेवून म्हणता येतं.

स्वतः कामाला जाणारी बाई

नर्स, शिक्षिका, अकाउंटंट म्हणून जाणाऱ्या मुलींकडे बहुधा स्वतःचा करार असतो आणि चौकशी करायची सवयही असते. जास्त धोका घरकामासाठी जाणाऱ्या गरीब बाईला असतो. तिच्यासाठी भारत सरकारचे नियम कडक आहेत. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआरचा शिक्का असतो, म्हणजे ठरावीक १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची वेगळी मंजुरी लागते. अशा पासपोर्टवर ३० वर्षांखालच्या बाईला त्या देशांत नोकरीची मंजुरी मिळत नाही. तीस ओलांडलेल्या बाईची भरतीही २०१६ पासून सरकारी भरती संस्थांमार्फतच करायची आहे.

मग तरी बायका जातात कशा? एजंट 'व्हिजिट व्हिसा' काढतो. 'आधी फिरायला जा, तिथे गेल्यावर कामाचा व्हिसा करून देऊ.' यात सगळी फसवणूक आली. फिरायला गेलेल्या बाईकडे नोंदणीकृत करार नसतो, विमा नसतो, आणि तक्रार केली तर उलट तीच बेकायदेशीर ठरते. एजंट ओळखीचा आहे, नमाजी आहे, आपल्याच बिरादरीतला आहे, ही खात्री पुरेशी नाही. तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, एवढं बघा. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. लाख-दीड लाख मागणारा माणूस तिथेच ओळखावा.

ईसीआर कामगारांना प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावी लागते. दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये भरले की अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचं संरक्षण मिळतं.

तिकडचे कायदेही आता आहेत. कुवेतने २०१५ मध्ये घरकामगारांसाठी वेगळा कायदा केला. दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम, आठवड्याची सुट्टी, वर्षाला तीस दिवस पगारी रजा. अमिरातीचा २०२२ चा कायदाही आठवड्याची सुट्टी आणि रोजची विश्रांती सांगतो. पासपोर्ट मालकाने काढून घेणं बेकायदेशीर आहे. पण बंद दाराआड कायदा आपोआप पोहोचत नाही. ज्या बाईला हे नियम माहीत आहेत आणि जिच्याकडे फोन आहे, तिलाच त्यांचा उपयोग होतो.

नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोलाही एक गोष्ट सांगायला हवी. फॅमिली व्हिसा म्हणजे नोकरीचा परवाना नव्हे. शेजारच्या ब्युटी पार्लरमध्ये किंवा शिकवणीला 'असंच' काम धरलं आणि तपासणी झाली तर अडचण नवऱ्यापर्यंत जाते. त्या देशाची रीतसर परवानगी आधी घ्यावी.

बिघडलं तर

अल्हम्दुलिल्लाह, बहुतेक संसार नीट चालतात. पण काही ठिकाणी नवरा नोकरी गमावतो, कुठे अचानक इंतकाल होतो, कुठे मारहाण, कुठे तलाक. इथे घडलं तर मुलगी एसटी धरून माहेरी येते. तिथे तिला बाहेर पडायलाही कागद लागतो. सौदीत कुटुंबाचा जाण्या-येण्याचा व्हिसा घरप्रमुखाच्या अब्शर या सरकारी खात्यावरून निघतो. घरप्रमुख म्हणजे नवरा. त्याच्याशीच भांडण झालं असेल तर काय, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारात घ्यावा लागतो.

अशा वेळी पहिला दरवाजा भारतीय दूतावासाचा. अडचणीतल्या भारतीयांसाठी २००९ पासून इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे. त्यातून निवारा, तिकीट, कायदेशीर मदत दिली जाते. 'मदद' नावाच्या सरकारी पोर्टलवर २०१५ पासून ऑनलाइन तक्रार करता येते आणि ती इथून, देवळ्यातून, आई-वडीलही करू शकतात. भारतातून प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल-फ्री क्रमांक १८०० ११ ३०९० आहे. अमिरातीत राहणाऱ्यांसाठी ८०० ४६३४२. हे आकडे मुलीच्या मोबाईलमध्ये साध्या नावाने साठवून द्या.

अमिरातीत ऑक्टोबर २०१८ पासून विधवा किंवा तलाकशुदा बाईला आणि तिच्या मुलांना कफीलाशिवाय एक वर्ष राहण्याची मुभा मिळू शकते. मुलांचं शाळेचं वर्ष वाया जात नाही, हिशोब-देणी उरकता येतात. ही सोय माहीत नसल्याने कुणी घाईत परत येऊ नये.

फोनवरून किंवा व्हॉट्सॲपवर तीन तलाक देण्याचे प्रकार आखातातूनही झाले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ ला एका दमात दिलेला तीन तलाक रद्दबातल ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, मग तो बोलून दिलेला असो, लिहून असो की मोबाईलवरून. त्या कायद्यातल्या शिक्षेवर समाजात वेगवेगळी मतं आहेत, पण असा मेसेज आला म्हणून मुलीचा निकाह तुटला असं समजून तिला बॅग भरायला लावू नये, एवढं तरी सगळ्यांनी मान्य करावं. तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला फौजदारी कायद्याखाली पोटगी मागता येते, असंही सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ च्या निकालात स्पष्ट केलं आहे.

निघण्याआधी घरात करायची कामं

निकाहनामा काझीसाहेबांकडून मिळाला म्हणजे काम झालं, असं नाही. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाह नोंदणी करावी लागते. निकाहनंतर ९० दिवसांच्या आत, देवळ्यात नगरपंचायतीत, गावात ग्रामपंचायतीत. तीन साक्षीदार लागतात. हा दाखला इंग्रजीतही मिळतो आणि व्हिसासाठी तो उपयोगी पडतो.

नाव सगळीकडे सारखं ठेवा. आधारवर 'शेख', शाळेच्या दाखल्यावर 'शेक', पासपोर्टवर बापाचं नाव वेगळं, असं आपल्याकडे सर्रास असतं. तिकडे एका अक्षरावरून अर्ज परत येतो. नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घेण्याआधीच हे दुरुस्त करून घ्या. मुलगी दहावी पास असेल तर तो दाखला पासपोर्टच्या अर्जाला जोडायला विसरू नका, म्हणजे ईसीआरचा शिक्का लागत नाही.

दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ पासून अपॉस्टिल मानतो, ओमान आणि बहारीनही मानतात. त्यांच्यासाठी दूतावासाच्या वेगळ्या शिक्क्याची गरज राहिलेली नाही. कोणत्या देशाला काय लागतं हे त्या देशाच्या व्हिसा केंद्राकडून बघा, मगच एजंटला पैसे द्या.

मुलीचा पासपोर्ट मुलीकडेच राहू द्या. त्याची, व्हिसाची, निकाहनाम्याची प्रत माहेरी एक, सासरी एक आणि तिच्या ईमेलवर एक. इकामा मिळाला की त्याचा फोटो तिने घरी पाठवावा. तिच्या नावाचं बँक खातं इथे चालू ठेवा आणि मेहरची रक्कम त्यातच जमा करा. मेहर हा तिचा हक्क आहे आणि परक्या मुलखात परतीच्या तिकिटाएवढे पैसे स्वतःच्या नावावर असणं ही फार मोठी ताकद आहे.

आणि जावयाशी निकाहआधीच मोकळेपणाने बोला. 'बेटा, तिथे तिचं लायसन्स काढून देशील ना? तिचा स्वतःचा मोबाईल नंबर असेल ना? वर्षातून एकदा ती घरी येईल ना?' भला मुलगा या प्रश्नांनी नाराज होत नाही. उलट त्यालाही बरं वाटतं, कारण तिथे तोही अजनबीच आहे आणि घरात एकाऐवजी दोन माणसांना बाहेरची कामं जमली तर त्याचाच भार हलका होतो.

आखातात जायला आमचा विरोध नाही. तिथे आपल्या कितीतरी बहिणींनी संसार केले, मुलं शिकवली, आई-वडिलांना उमराह घडवला. फक्त 'मुस्लिम मुल्क आहे' या भरवशावर कागद अपुरे ठेवून मुलीला विमानात बसवू नका. दुआ द्या आणि सोबत तिच्या नावाची एक फाईलही द्या. अल्लाह सगळ्यांच्या लेकींना आपल्या हिफाजतीत ठेवो.